बशी क्रमांक एक्केचाळीस

प्रयोगशाळेत तिला सगळे बशीताई म्हणत, आणि त्यात चेष्टा कमी, वस्तुस्थिती जास्त होती. अठरा वर्षं ती बशा सांभाळत होती. चहाच्या नव्हेत, तळहातावर मावतील अशा, जाड पारदर्शक काचेच्या, आणि रिकाम्या. बशी घासायची, धुवायची, अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळायची आणि भट्टीत घालून चोवीस तास पाचशे अंशांवर भाजायची, म्हणजे आपल्या जगातलं जे काही तिला चिकटलं असेल ते जळून जाईल. मग कागदावर तारीख आणि बशीचा नंबर लिहायचा, भट्टीच्या वहीत नोंद करायची आणि फळीवर ठेवून द्यायची. कधीतरी त्या बशीत आभाळातून आलेलं काहीतरी पडेल, एवढ्या एका भरवशावर हे सगळं चाललं होतं.

तिचे वडील बेकरीतले. बेचाळीस वर्षं पहाटे उठून पाव भाजलेला माणूस. मुलगी सरकारी प्रयोगशाळेत लागली म्हणून त्यांचं आधी सगळ्यांना सांगून झालं, आणि ती तिथे नेमकं काय करते हे कळल्यावर ते जरा गप्प झाले. "मी भाजलेलं लोक खात तरी होते," असं ते अधूनमधून म्हणत. तिला राग यायचा नाही. बाबांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

पण तिची पाळी आली. माणूस नसलेलं एक यान नऊ वर्षं फिरून एका लहानशा खडकावरची धूळ घेऊन परत आलं. खडक पृथ्वीइतकाच जुना, किंबहुना थोडा आधीचा, आणि तेव्हापासून कुणी हात न लावलेला. धूळ सगळी मिळून मूठभर. त्यातल्या दोन कुप्या या प्रयोगशाळेच्या वाट्याला आल्या, आणि पहिली कुपी बशीताईच्या बशीत रिकामी झाली. त्या दिवशी तिने मास्कच्या आत "अगं बाई" म्हटलं, जे नियमात बसत नव्हतं, पण काचेपलीकडे कुणाला ऐकू गेलं नाही.

त्या धुळीला विचारायचा प्रश्न सरांचा होता. सर म्हणजे या कामाचे प्रमुख, निवृत्तीला एक वर्ष उरलेले. त्यांनी उभं आयुष्य एकाच प्रश्नामागे घालवलं होतं. आपलं शरीर ज्या प्रथिनांचं बनतं, ती ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांचे दोन प्रकार असतात, डावे आणि उजवे. पायातल्या जोड्यासारखं समजा. आकार तोच, पण डावा उजव्या पायात जात नाही. आणि गंमत अशी की मुंगीपासून माणसापर्यंत सगळ्यांनी बहुतेक डावेच घेतले आहेत. का, ते कुणालाच माहीत नाही. सरांचं म्हणणं होतं की हा कल पृथ्वीवर ठरलेला नाही. पृथ्वी व्हायच्या आधीच, वर कुठेतरी, पारडं डावीकडे झुकलं होतं.

आणि धुळीत डावे जास्त निघाले. थोडेथोडके नाही, चांगले ठसठशीत जास्त. धूळ बशीत ओतताना शेजारी एक रिकामी बशी उघडी ठेवायची इथली पद्धत होती. तिला साक्षीदार म्हणत. हवेतून काही पडलं तर ते तिच्यातही पडणार. साक्षीदार कोरी निघाली. यंत्रावरच्या गृहस्थांनी आकडे दोनदा मोजले, मग तिसऱ्यांदा मोजले, आणि मग सरांना मिठी मारली, जे त्यांच्या स्वभावात अजिबात नव्हतं.

जाहीर करायची तारीख ठरली. सरांनी त्यासाठी एक वाक्य लिहून ठेवलं होतं आणि दिसेल त्याला ते वाचून दाखवत होते: आपण इथे चुकून आलेलो नाही. शिपायालाही त्यांनी ते ऐकवलं. प्रयोगशाळेत कुणाचेच पाय जमिनीवर नव्हते.

बशीताईने घरी येऊन बाबांना सांगितलं. सांगू नये असा नियम होता, पण गेली दोन वर्षं घरात जे चाललं होतं ते पाहता तिला राहवलं नाही. आई गेल्यापासून बाबा एकच प्रश्न धरून बसले होते. एवढी वर्षं दोघं मिळून राबलो, मुलगी वाढवली, घर केलं, आणि एका दुपारी सगळं संपलं. मग हे होतं कशासाठी? ती ताट वाढायची, ते अर्धं टाकायचे. त्या दिवशी बाबांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि म्हणाले, "म्हणजे ठरलेलं होतं तर. तुझी आई, मी, तू." असं कुणीच म्हटलं नव्हतं. पण त्यांनी तेवढ्यातच अर्धी भाकरी आणखी मागून घेतली, आणि तिने ती गुपचूप वाढली.

आठवडाभरात बाबा ओळखू येईनात. दाढी रोज, फिरणं रोज, आणि वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांपुढे रोज तासभर खगोलशास्त्र. गुपित ठेवायचं असतं हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते फक्त शिंपीकाकांना सांगत, आणि शिंपीकाका फक्त गिऱ्हाइकांना. एका संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा दोघे व्हरांड्यात बसले होते आणि बाबा भलतेच रंगात आले होते.

"तुम्ही नुसतं ऐकताय," ते काकांना सांगत होते. "मी त्या बशीत बोट फिरवलंय. स्वतः. आमच्याकडे पावाचा साचा हातात आला की बोट फिरवून बघायचं, तूप नीट लागलंय का, मागचा चुरा राहिलाय का. सवयच ती. म्हटलं, बघू लेकीचा साचा किती साफ आहे."

ती हसली. चपला काढल्या. आणि दुसरी चप्पल काढता काढता तिला ती बशी आठवली.

ते आदल्या वर्षीचं होतं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना वर्षातून एकदा बाहेरच्या खोलीपर्यंत येऊ देत. बाबा आले होते, आणि आपली लेक करते काय हे त्यांना एकदाचं दाखवावं म्हणून तिने एक भाजलेली बशी, एक्केचाळीस नंबरची, कागदातून काढून त्यांच्यापुढे धरली होती. त्यांनी बोट फिरवलं. ती म्हणाली, आता ही परत भाजावी लागणार. ते ओशाळले. तेवढ्यात फोटोसाठी सगळ्यांना अंगणात बोलावलं. बशी उघडी टाकून जायचं तिच्या हाताला माहीतच नव्हतं. अठरा वर्षांची सवय. तिने ती त्याच कागदात पुन्हा नीट गुंडाळली, फळीच्या कडेला ठेवली, फोटोनंतर भट्टीकडे न्यायची असं मनाशी म्हटलं आणि गेली. कागदावर तारीख होती, नंबर होता. बघणाऱ्याला ती बशी स्वच्छच दिसणार होती. तिला स्वतःलासुद्धा.

फोटोनंतर आपण तिला भट्टीत घातलं का, हे तिला आठवेना. रात्रभर आठवेना.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली आणि भट्टीची वही उघडली. बाबा आले होते त्या आठवड्याचं पान काढलं. भट्टीतून बारा बशा निघाल्याची नोंद होती, तीस ते एक्केचाळीस. पुढची पानं तिने बोट ठेवून, एकेक ओळ करत वाचली. अडतीस दुसऱ्यांदा भाजली होती. एकोणचाळीससुद्धा. एक्केचाळीस पुन्हा कुठेच नव्हती. मग तिने सरांच्या अहवालाची प्रत काढली. त्यात बशीचा खालून काढलेला फोटो होता, धुळीसकट, आणि काचेवर कोरलेला नंबर अगदी स्पष्ट होता: एक्केचाळीस. साक्षीदार बशी होती अडतीस. तिने काय साक्ष द्यायची? तिच्यात कुणी बोट घातलंच नव्हतं.

वहीत एका ओळीपुरती जागा रिकामी होती. अक्षर तिचंच, पेन तिचंच. तिथे एक आकडा लिहिला असता तर पृथ्वीच्या पाठीवर कुणाला पत्ता लागला नसता. हे तिच्या मनात आलं नाही असं म्हणणं खोटं होईल. आलं. सरांचं वाक्य आठवलं, बाबांची दाढी आठवली. मग तिला स्वतःचाच संताप आला. अठरा वर्षं रिकाम्या बशा भाजायच्या त्या कशासाठी, तर समोर आलेलं खरं की आपलंच, हे कळावं म्हणून. तेवढंच एक काम तिला येत होतं. तिने वही बगलेत मारली आणि सरांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. सर यायला पाऊण तास होता. ती बसली नाही.

सरांनी आधी हसून सोडून दिलं. मग साक्षीदार बशीचं नाव काढलं. मग म्हणाले, एवढ्याशा बोटाने असा किती फरक पडणार. तिने अहवालातली आम्लांची यादी पुढे केली. माणसाच्या घामात जे आम्ल सगळ्यात जास्त असतं, तेच यादीत सगळ्यात वर होतं, आणि तेच सगळ्यात डावं होतं. सरांनी चष्मा काढला. वही स्वतःकडे ओढून ते पान पुन्हा वाचलं.

"हे किती जणांना माहीत आहे?"

"मला. आता तुम्हाला."

"बशीताई, तुम्ही वही उघडली नसती तर?"

"उघडलीय, सर."

सर उठून खिडकीशी गेले. तिला त्यांची दया आली. या माणसाने तिला कधी अगं-तुगं केलं नव्हतं, आई गेली तेव्हा स्वतः येऊन बसले होते. पण दया आली म्हणून ती जागची हलली नाही. पारखून बघू, ती म्हणाली. नवी बशी भाजते, बाबांना बोलावते, तेच बोट पुन्हा फिरवू दे. आकडे जुळले नाहीत तर मी राजीनामा देते आणि तुम्ही खुशाल जाहीर करा. जाहीर करायला आठ दिवस होते. सरांनी तीन दिले.

सगळ्यात कठीण काम घरी होतं. बाबांना आडवळणाने सांगायचं तिने ठरवलं होतं, पण आडवळण तिला कधी जमलंच नाही. तिने सरळ सांगितलं. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि विचारलं, किती वाजता यायचंय.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. बाहेरच्या खोलीत तिने बशी पुढे धरली. हात पुसू का आधी, त्यांनी विचारलं. नको, मागच्या वेळी पुसला नव्हता. त्यांनी बोट फिरवलं, साच्यात फिरवायचे तसंच, कडेने एक पूर्ण फेरा, आणि हात मागे घेतला. यंत्रावरच्या गृहस्थांनी बशी नेली आणि बाबा बसने घरी गेले.

आकडे जुळले. वरून खालपर्यंत, ओळीने जुळले. साडेचार अब्ज वर्षांच्या धुळीत माणूस कुठून आला ते शोधायला गेले होते, आणि तिथे एक निवृत्त बेकरीवाला सापडला. हे यंत्रावरचे गृहस्थ म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांनाच वाईट वाटलं.

मग जे व्हायचं ते झालं. तारीख रद्द झाली. दोन वर्तमानपत्रांनी प्रयोगशाळेची यथेच्छ टिंगल केली. चौकशी बसली, आणि व्यवस्थापिका बाईंनी लांबलचक टेबलाच्या पलीकडून विचारलं की भाजलेली बशी पाहुण्याच्या हाती देण्याचं कारण काय. बशीताई म्हणाली, वडिलांना दाखवायची होती. बाईंनी हे लिहून घेतलं. मग त्यांनी निर्णय वाचून दाखवला: बशीताईला स्वच्छ खोलीतून काढून भांडारात पाठवण्यात येत आहे. तिने मान डोलावली. तिला रडू येत होतं आणि तिने ते येऊ दिलं नाही.

"काढा," ती म्हणाली. "चूक माझी आहे, शिक्षा बरोबर आहे. पण दुसरी कुपी अजून शिल्लक आहे. ती उघडायची तर तिच्या बशा मी भाजून देईन आणि मग भांडारात जाईन."

"का? चूक तर तुम्हीच केलीत."

"म्हणूनच. आता माझ्याहून जास्त घाबरून हे काम इथे कोण करेल?"

व्यवस्थापिका बाईंनी सरांकडे पाहिलं. दुसरी कुपी उघडली आणि त्यातही काही नसलं, तर सरांच्या हातात उरलेल्या वर्षभरात दुसरं काही लागणार नव्हतं. न उघडता ठेवली असती तर निदान आशा राहिली असती. ते म्हणाले, बशा बशीताईच भाजतील.

तिने सहा बशा निवडल्या आणि प्रत्येक दोनदा भाजली. कागदही आधी वेगळा भाजला. जेवायला उठताना खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. कुणी हाक मारली तर ओ दिली नाही. फोन वाजला तर वाजू दिला. सहाव्या दिवशी तिने बशा, वही आणि किल्ली सरांच्या ताब्यात दिली, सही घेतली, आणि काचेच्या बाहेर उभं राहून दुसऱ्याच कुणाच्या हातांनी कुपी उघडली जाताना पाहिलं. ते हात ठीक होते. तरी तिला दोनदा दार ठोठावावंसं वाटलं.

महिनाभर ती भांडारात खोकी मोजत होती. घरी बाबा पुन्हा अर्धं ताट टाकू लागले होते. फिरणं बंद, शिंपीकाका बंद. ते उजवा हात मांडीखाली घेऊन बसत, लहान मुलाने काहीतरी फोडल्यावर बसावं तसे. तुमचा काही दोष नाही, असं ती रोज सांगायची, ते रोज हो म्हणायचे, आणि त्यातलं काहीही आत जात नव्हतं.

एका दुपारी सर भांडारात आले. बसायला काही नव्हतं म्हणून एका खोक्यावर टेकले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

"सारखे निघाले," ते म्हणाले. "जितके डावे, तितकेच उजवे. अगदी काटा मधोमध."

"पण निघाले?"

"निघाले. अस्सल तिथलेच, आपले नव्हेत. चौदा प्रकार मिळाले."

त्या धुळीत जीव बनायचं सामान होतं, पण कुठलाही कल नव्हता. सरांनी कागदाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, माझं वाक्य काही आता चालायचं नाही. आयुष्यभर ज्यावर पैज लावली ते वर नाहीये; जे काही झुकलं ते खाली आल्यावर झुकलं, आणि ते शोधायला मी उरणार नाही. बशीताईने त्यांना पाणी दिलं. नंतर तिने खोक्यांच्या यादीखालून चार पानं काढून त्यांच्या हातात ठेवली. पुढच्या यानासाठीचे नियम होते, तिने दुपारच्या सुटीत लिहिलेले: प्रत्येक बशी वापरायच्या आदल्या दिवशी भाजायची, आधीची तारीख ग्राह्य धरायची नाही, आणि माणसाच्या बोटाची एक बशी मुद्दाम करून प्रत्येक वेळी जोडीला मोजायची. सरांनी ती तिथेच बसून वाचली. तिसऱ्या पानावर त्यांनी तिच्याचकडून पेन मागून घेऊन एक दुरुस्ती केली.

घरी गेल्यावर तिने चपला काढायच्या आधीच बाबांना सांगितलं. सामान तिथलं आहे, ती म्हणाली, ते नक्की झालं. पण डावं घ्यायचं की उजवं, ते तिथे कुणी ठरवलेलं नाही. ते इथे झालंय. कसं झालं, ते माहीत नाही.

बाबांनी ते मनाशी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे ठरवून पाठवलेलं नाही कुणी."

"नाही. तसं काही दिसलं नाही."

"तुझी आई पण नाही."

"नाही, बाबा."

तिला वाटलं, आता हे कोसळणार. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"मग चाळीस वर्षं ती राहिली माझ्याजवळ," बाबा म्हणाले, "ती कुणी पाठवली म्हणून नाही. तिच्या मनाने राहिली."

असं ते तिच्याकडे बघून म्हणाले, आणि मग मांडीखालचा हात काढून तोंडावर धरून रडले. दोन वर्षांत पहिल्यांदाच रडले. तिने त्यांना रडू दिलं. ती स्वतःही रडली, कारण आता अडवायचं काही कारण उरलं नव्हतं.